पास कोणाला, आणि तपासणी कोणाची?

मागच्या व्याख्यानाच्या शेवटी एका श्रोत्याने प्रश्न विचारला होता. वेळ संपल्यामुळे उत्तर राहून गेले. प्रश्न असा : "सर, एसटीने पंच्याहत्तरीपुढच्या सगळ्यांना मोफत प्रवास दिला. त्यात बंगलेवालेही आले. त्यापेक्षा मोफत पास फक्त निराधार योजनेच्या लाभार्थ्यांना द्यावा आणि तपासणी कडक ठेवावी. हे जास्त न्यायाचं नाही का?"

आजचा तास या एका प्रश्नासाठीच ठेवला आहे. कारण ही सूचना बहुतेक सुशिक्षित माणसांना पटते. कधीकाळी आम्हालाही पटत होती.

आधी आमची बाजू उघड करतो. आम्ही ७६ वर्षांचे आहोत आणि आम्हाला निवृत्तिवेतन मिळते. ऑगस्ट २०२२ पासून सुरू झालेल्या अमृत ज्येष्ठ नागरिक योजनेत आम्ही एसटीने फुकट जातो. वाहक आधार कार्डावरची जन्मतारीख बघतो आणि शून्य रकमेचे तिकीट देतो. झालं. शेजारच्या आसनावर साठ वर्षांचा मजूर बसलेला असतो. तो ६५ वर्षांचा झालेला नसतो, म्हणून त्याला अर्धे तिकीटही नाही. बाई असता तर मार्च २०२३ च्या महिला सन्मान योजनेमुळे निम्मे भाडे पडले असते. तो पूर्ण पैसे मोजतो आणि आम्ही, पेन्शनवाले, खिडकीतून शेतं बघत बसतो. तेव्हा श्रोत्याच्या प्रश्नात खरी टोचणी आहे, हे मान्य करूनच पुढे जाऊ.

आता त्यांनी सुचवलेला उपाय तपासू. पास 'फक्त निराधारांना' द्यायचा, तर निराधार कोण हे कोणीतरी ठरवावे लागेल. आपल्याकडे ते ठरवलेले आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत नाव यायचे, तर दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव हवे, नाहीतर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवे. अपंगांसाठी ही मर्यादा ५०,००० आहे. २१,००० भागिले ३६५ करून बघा. सगळ्या कुटुंबाला मिळून दिवसाला साठ रुपयांपेक्षा कमी! २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला २९७ रुपये होता. शंभर दिवस काम मिळाले तर २९,७०० रुपये होतात. म्हणजे सरकारनेच हमी दिलेले काम एखाद्या विधवेने प्रामाणिकपणे पूर्ण केले, तर सरकारच्याच दुसऱ्या कागदावर ती निराधार उरत नाही. मग काय होते? उत्पन्नाचा दाखला उत्पन्नापेक्षा कमी आकड्याचा निघतो. तलाठ्यालाही ते कळते, अर्जदारालाही कळते. खरे बोलणारा बाहेर राहतो. पात्रतेची अटच माणसाला खोटे बोलायला शिकवत असेल, तर पुढे कितीही कडक तपासणी ठेवली तरी ती कशाची तपासणी होणार?

अर्थशास्त्रज्ञ जोव्हानी कॉर्निया आणि फ्रान्सिस स्टुअर्ट यांनी १९९३ साली एक उपयोगी भेद मांडला. कोणत्याही लक्ष्यित योजनेत दोन प्रकारच्या चुका होतात. ज्याला गरज नाही त्याला लाभ मिळतो, ही एक. ज्याला गरज आहे त्याच्यापर्यंत तो पोचत नाही, ही दुसरी. एक चूक कमी करायला जावे तर बहुधा दुसरी वाढते. आपली सार्वजनिक चर्चा पहिल्या चुकीवर तुटून पडते. वय वाढवून आधार कार्ड घेतल्याच्या तक्रारी आपण वर्तमानपत्रांत वाचल्या. पण पास न मिळाल्यामुळे तालुक्याच्या दवाखान्यात गेलीच नाही, अशा बाईची बातमी येत नाही. ती घरीच बसलेली असते, कोणाला दिसत नाही. पहिली चूक पकडता येते आणि दुसरी शोधावी लागते, एवढ्यावरून पहिली मोठी ठरत नाही.

आता तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला ज्याची जास्त काळजी वाटते, त्या मुद्द्याकडे येऊ. ब्रिटिश तत्त्वज्ञ जोनाथन वुल्फ यांनी १९९८ च्या एका निबंधात म्हटले, की काटेकोर न्यायासाठी राज्य नागरिकाकडून अशी माहिती मागते, की ती देताना त्याची मान खाली जाते. आपण याला 'लज्जास्पद कबुली' म्हणू. गरज आहे एवढे सांगून भागत नाही, आपण किती असमर्थ आहोत हे सिद्ध करावे लागते. अविशाय मार्गालीट यांच्या 'द डीसेंट सोसायटी' या १९९६ च्या पुस्तकाचा गाभाही हाच आहे : ज्या समाजाच्या संस्था माणसाचा अवमान करत नाहीत, तो सभ्य समाज.

हे आपल्या एसटीला लावून बघा. सिकलसेल, हिमोफिलिया, डायलिसिसचे रुग्ण आणि एचआयव्हीबाधित यांना शंभर टक्के सवलत आहे. निर्णय चांगला आहे, हे निःसंशय. पण भरल्या गाडीत ती मागायची कशी? वाहकाला 'ज्येष्ठ' म्हणून कार्ड दाखवायला आम्हाला काहीच वाटत नाही, उलट थोडा मानच वाटतो. एचआयव्हीबाधित मुलीला, तेही गावच्याच गाडीत, जिथे वाहक ओळखीचा आणि मागच्या बाकावर भावकी बसलेली, सवलतीचे कारण सांगणे किती जड जाईल? एचआयव्ही आणि एड्सविषयीच्या २०१७ च्या कायद्यानुसार, काही अपवाद सोडले तर, आपली बाधा उघड करण्याची सक्ती कोणावर करता येत नाही. सक्ती कोणी करत नाही, हे खरे. पण कारण उघड केल्याशिवाय हक्क मिळत नसेल, तर सक्ती वेगळी ती काय? ती मुलगी गुपचूप पूर्ण तिकीट काढेल. आणि सवलत घेणारे थोडेच आहेत असे आकडे बघून आपण म्हणू, गरजच कमी दिसते!

श्रोत्याच्या सूचनेप्रमाणे 'निराधार' असे छापलेला पास काढला, तर हेच घडेल. हा शब्द गळ्यात घालून गाडीत चढायला कोण धजावेल?

"मग सगळ्यांनाच फुकट द्यायचं का?" हा पुढचा प्रश्न येणार. तमिळनाडूने मे २०२१ पासून काढलेली वाट इथे बघण्यासारखी आहे. तिथे साध्या शहरी बसमध्ये स्त्रियांना तिकीट लागत नाही आणि ओळखपत्रही मागत नाहीत. अट माणसाला नाही, गाडीला आहे. जिला ऐपत आहे ती बहुधा आपणहून दुसऱ्या गाडीने किंवा स्कूटरने जाते. चाळणी लागते, पण कोणाला काही कबूल करावे लागत नाही. आमचे म्हणाल, तर आमची मोफत सवलत आरामगाड्यांत बंद करून साध्या गाडीपुरती ठेवली, तरी आमची हरकत नाही. त्यातून वाचेल ते शेजारच्या मजुराला द्या.

अमर्त्य सेन यांनी १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात लक्ष्यित योजनांचे छुपे खर्च मोजून दाखवले आहेत : माहितीची मोडतोड, कलंक, तपासणीचा खर्च. त्यात आणखी एक मुद्दा आहे. फक्त गरिबांसाठीच्या योजनेमागे राजकीय बळ कमी असते, त्यामुळे तिचा दर्जाही घसरतो. ज्या गाडीत प्राध्यापक बसतो, ती गाडी बंद झाली तर आरडाओरडा होतो. फक्त निराधार बसणारी गाडी बंद झाली तर कोण ओरडेल?

मग तपासणी नकोच का? हवी. पण दिशा बदलून हवी. सवलतीची रक्कम शासन महामंडळाला देते आणि शून्य रकमेची तिकिटे हा त्या मागणीचा आधार असतो. म्हणजे खरा मोठा पैसा फिरतो तो शासन आणि महामंडळ यांच्यात. किती तिकिटे निघाली, तितकी माणसे गाडीत होती का, रक्कम वेळेवर पोचली का, सवलत वाढली तशा गाड्या वाढल्या का, हे आगारनिहाय जाहीर करा. रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यात ग्रामसभेकडून सामाजिक अंकेक्षणाची तरतूद केली होती. तसे एसटीच्या सवलतींचे का नको? गावात गाडीच येत नसेल, तर पास हा नुसता कागद.

आमची सूचना मोजकी आहे. सवलतीचे कार्ड सगळ्यांचे एकसारखे असावे. ज्येष्ठ, रुग्ण, अपंग, निराधार, कारण कोणतेही असो, ते कार्डावर नको. वाहकाला फक्त 'सवलत लागू, इतके टक्के' एवढेच दिसावे. निराधार योजनेतल्या नावांची यादी तहसिलात आहेच, त्यांना नवा अर्ज न मागता हे कार्ड द्यावे. आणि ती २१,००० ची मर्यादा निदान शंभर दिवसांच्या मजुरीच्या वर न्यावी. खोटेपणाला शिक्षा जरूर असावी. अपंगांचा लाभ लबाडीने घेणाऱ्याला २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, आहेच. पण तो शोध कार्यालयात घ्यावा, गाडीत चढणाऱ्या माणसाला चारचौघांत उलटतपासून नाही.

आता एक शेवटचे. निराधार योजनेत, अपंग सोडून इतरांना, महिना १,५०० रुपये मिळतात आणि त्यासाठी दरवर्षी आपण हयात असल्याचा दाखला द्यावा लागतो. तो द्यायला जायचे, तर गावाहून तालुक्याला जावे लागते. कसे? एसटीने. एखाद्या बँकेत अंगठा उमटला नाही, की दुसरी फेरी. पंच्याहत्तरीच्या आतल्या माणसाला त्या फेरीचे भाडे त्याच पंधराशेतून जाते. म्हणजे गरीब आहोत हे सिद्ध करण्याचा खर्चही गरिबानेच करायचा. पास कोणाला द्यावा, असे आम्हाला कोणी एका वाक्यात विचारले, तर आम्ही म्हणू, आपणच ज्यांना पुन्हापुन्हा तहसिलाच्या दारात बोलावतो, त्यांना आधी द्या.

असो. मागच्या वेळचे श्रोते आज आले असतील, तर त्यांनी जरूर उलट बोलावे. आता प्रश्न घेऊ.