पडायला शिकवणारा खेळ

सफाळ्याच्या माणसाचा बर्फाशी संबंध मासळीपुरता. सातपाटीच्या होड्या समुद्रात निघायच्या आधी खणात बर्फ भरून घेतात, आणि दातिवरे-एडवणकडची मासळी बाजारात उतरते तीही बर्फाच्या चुऱ्यातच. अशा गावच्या स्मरणिकेत आइस हॉकीवर लेख कशाला, असे कुणी विचारले तर ते रास्तच आहे. टोरांटोत, न्यू जर्सीत राहून आपल्या माणसांनी लेझीम आणि ढोल-ताशा कसा जिवंत ठेवला, याचे कौतुक स्मरणिकांतून दर वर्षी होते. हे कौतुक उलट्या दिशेचे आहे. कॅनडात वाढलेला एक खेळ मायभूमीपासून हजारो मैलांवर, आपल्याच देशातल्या लडाखमध्ये लोकांनी पदरमोड करून जगवला. त्यांची गोष्ट कळली की वय उलटून गेल्यावर नवे काही शिकायला निघालेल्या कुणालाही हुरूप येतो.

आधी खेळाचे मूळ. 3 मार्च 1875 रोजी माँट्रियलच्या व्हिक्टोरिया स्केटिंग रिंकमध्ये जेम्स क्रेटन यांनी आयोजित केलेला सामना हा बंदिस्त जागेतला पहिला आइस हॉकी सामना मानला जातो. तेव्हा एकेका बाजूला नऊ खेळाडू होते. आज गोलरक्षक धरून सहा असतात आणि वीस-वीस मिनिटांचे तीन डाव होतात. चेंडूऐवजी रबराची चकती असते, तिला पक म्हणतात. सुमारे साडेसात सेंटिमीटर रुंद, अडीच सेंटिमीटर जाड आणि वजनाला साधारण 160 ते 170 ग्रॅम. ती उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात. 1994 मध्ये कॅनडाने कायदा करून हा आपला हिवाळी राष्ट्रीय खेळ ठरवला.

तिथे हा खेळ पोरांचाच आहे असे नाही. 1975 पासून हौशी प्रौढ खेळाडूंची एक देशव्यापी संघटनाच कॅनडात काम करते. नोकरी-धंदा सांभाळून रात्री उशिरा रिंकवर उतरणाऱ्यांच्या लीगमध्ये अंगावर धडक मारायला सहसा बंदी असते, कारण सकाळी प्रत्येकाला कामावर जायचे असते. त्याहून सैल प्रकार म्हणजे 'शिनी'. यात ना पंच, ना गुणफलक. जमेल त्याने यावे आणि खेळावे. टोरांटो महापालिकेच्या उघड्या रिंकवर शिनीच्या वेळा वयोगटानुसार लावलेल्या असतात. बाहेरून आलेल्यांनीही हा खेळ आपलासा केला. हरनारायण सिंग यांनी 2008 मध्ये 'हॉकी नाइट इन कॅनडा' या टीव्ही कार्यक्रमाचे पंजाबी समालोचन सुरू केले, आणि घरातल्या आजी-आजोबांनाही पकच्या मागे डोळे फिरवायची सवय लागली.

भारतात बर्फावरचे स्केटिंग तसे जुने आहे. सिमल्यात 1920 साली नैसर्गिक बर्फाची रिंक झाली, साहेबलोक तिथे हॉकीही खेळत. पण खेळ रुजला तो लडाखमध्ये. तिथे लष्कराच्या जवानांनी तो आणला आणि स्थानिक तरुणांनी उचलला. स्केट्स मिळायचे नाहीत, म्हणून लष्करी बुटांच्या तळाला लोखंडी पाती ठोकून काम भागवले. लेहच्या कारझू तळ्यावर आणि आसपासच्या गावांत थंडीत रात्री पाणी सोडायचे, ते गोठले की पुन्हा सोडायचे, असा थरावर थर चढवून मैदान तयार होते. हंगाम जेमतेम दोन महिन्यांचा, आणि दुपारचे ऊन चढले की बर्फ मऊ पडतो.

भारतीय आइस हॉकी संघटना 27 एप्रिल 1989 रोजी आंतरराष्ट्रीय महासंघाची सदस्य झाली. तरी पुरुषांचा संघ आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरायला 2009 उजाडले. महिलांची वाट त्याहून बिकट होती. सरावाला बर्फ मिळायचा तो पुरुषांचे खेळून झाल्यावर, सामान मागून आणलेले किंवा मापाचे नसलेले. 2016 मध्ये तैपेईच्या चॅलेंज कप ऑफ एशियासाठी त्यांच्या प्रवासाचा पैसा लोकवर्गणीतून उभा राहिला. तिथे हार पदरी आली. पुढच्याच वर्षी बँकॉकमध्ये फिलिपिन्सला 4-3 ने नमवून त्यांनी पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला. ऑलिंपिकची चार सुवर्णपदके जिंकलेली कॅनडाची हेली विकेनहायझर 2018 च्या जानेवारीत सामानाच्या पेट्या घेऊन लेहला आली आणि तिने मुलींसोबत सराव केला. 2025 च्या जूनमध्ये अल ऐन इथल्या महिला आशिया चषकात भारताने कांस्यपदक जिंकले.

या संघाची अनेक वर्षे गोलरक्षक असलेली नूर जहाँ लेहची. पोटापाण्याचा तिचा व्यवसाय कलासंवर्धनाचा. जुन्या गोम्पांमधली, म्हणजे बौद्ध मठांमधली भित्तिचित्रे, थांगके (कापडावरची धार्मिक चित्रे) आणि हस्तलिखिते ती दुरुस्त करते. सकाळी शंभरेक वर्षांपूर्वीच्या रंगाचा सुटलेला पापुद्रा बोटांनी हलकेच बसवायचा आणि हिवाळ्यात ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास येणाऱ्या पकसमोर छाती काढून उभे राहायचे, हे दोन्ही ती करत आली.

आता प्रौढ नवशिक्याकडे वळू. रिंकवर उतरायच्या आधीच त्याची परीक्षा असते ती कपडे चढवण्याची. आधी नडगीचे गार्ड, मग फुगीर चड्डी, मग स्केट्स, आणि खांद्याचे पॅड त्यानंतर. हा क्रम चुकवला तर पॅडमुळे वाकता येत नाही आणि नाडी बांधायला दुसऱ्याला विनवावे लागते. नाडी घोट्याजवळ करकचून आवळावी लागते. सैल राहिली तर घोटा आत कलंडतो आणि माणूस दोष देतो बर्फाला.

स्केटचे पाते विळ्यासारखे एका धारेचे नसते. त्याच्या तळाला बारीक पन्हळ असते आणि दोन्ही कडांना दोन धारा. पन्हळ खोल घासली तर पकड घट्ट, उथळ ठेवली तर घसरण जास्त. धार लावणाऱ्याला आपण नवशिके आहोत हे सांगून टाकलेले बरे.

मग पहिला धडा येतो, तो पडण्याचा. लहान पोर जमिनीजवळ असते, पडते आणि विसरते. चाळिशीतला माणूस पडायच्या आधीच घाबरतो, गुडघे ताठ करतो, नजर पायाशी ठेवतो आणि त्यामुळेच पडतो. शिकवणारे आधी मुद्दाम पाडतात. गुडघे वाकवून बाजूला कलायचे, हात पुढे रोवायचे नाहीत, कारण मनगट जाते. पडल्यावर बोटे मुठीत घ्यायची, शेजारून जाणाऱ्याचे पाते बोटांवरून जाऊ नये म्हणून. उठताना आधी एक गुडघा, मग दुसरा पाय. हे अंगवळणी पडले की निम्मी भीती ओसरते.

थांबण्याला त्याहून जास्त दिवस लागतात. आधी बोटे आत आणि टाचा बाहेर करून बर्फ खरवडत थांबायचे. खरा हॉकीतला थांबा म्हणजे वेगात असताना दोन्ही पाती एकदम आडवी करून भार खाली सोडायचा. बर्फाचा भुगा उडतो आणि माणूस जागच्या जागी उभा राहतो. बहुतेकांना तो एका बाजूने चटकन येतो आणि दुसऱ्या बाजूने महिनोन्‌महिने येत नाही. एवढे झाल्यावर काठी हातात घेऊन पक पुढे नेणे पुष्कळ सोपे वाटते. सामन्यातही एकावेळी पाऊण मिनिट खेळले की बाकावर बसायला मिळते, तेव्हा दम राखायचे गणित फारसे अवघड नाही.

सफाळ्याहून याची सुरुवात करायची तर बर्फ जवळ नाही. गोराईच्या एस्सेलवर्ल्डमध्ये एके काळी बर्फाची रिंक होती, पण ते उद्यान 2022 मध्ये बंद झाले. जवळचा मार्ग चाकांचा. एका ओळीत चाके असलेल्या इनलाइन स्केट्सवर तोल, वळण आणि ढकलण्याची लय घोटून घेता येते. सपाट भागातले अनेक भारतीय खेळाडू याच वाटेने बर्फावर पोचले आहेत. न जमणारी गोष्ट एकच, पाय आडवे करून थांबणे, कारण चाके बर्फासारखी घसरत नाहीत. ती बर्फावरच शिकावी लागते.

त्यासाठी दोन ठिकाणे सांगता येतील. देहरादूनची हिमाद्री रिंक 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधली गेली, मग वर्षानुवर्षे बंद पडून राहिली आणि 2025 मध्ये पुन्हा सुरू झाली. दुसरे अर्थातच लेह. तिथल्या एनडीएस मैदानावर आता कृत्रिम बर्फही आहे आणि खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा तिथे झाल्या आहेत. जानेवारीत जायचे तर लेह सुमारे 3,500 मीटर उंचीवर आहे हे लक्षात ठेवून पहिले दोन दिवस विश्रांती घ्यावी आणि स्केट्स तिसऱ्या दिवशी बांधावेत. हेल्मेट आणि कोपर-गुडघ्याचे गार्ड घरूनच न्यावेत. स्केट्सचे माप आणि धार यांबाबत मात्र तिथल्या खेळाडूंना विचारावे, बुटाला पाती ठोकण्यापासून सुरुवात केलेल्या गावात त्याची जाण असलेली माणसे भेटतात.