नर्तकाचा घोटा, धावपटूचा घोटा आणि तुलनेतली गफलत

नर्तक आणि लांब पल्ल्याचे धावपटू यांच्या घोट्यांची तुलना करणारा शोधनिबंध हातात आला, की निष्कर्ष बाजूला ठेवा आणि आधी ‘सहभागी’ हा भाग काढा. तिथे ‘नर्तक’ म्हणजे बहुतेकदा बॅले करणारे असतात. पायाच्या बोटांच्या टोकावर उभं राहायचं तर पाऊल जवळजवळ नडगीच्या रेषेत यावं लागतं. मग त्यांचा घोटा खाली जास्त वाकतो, हे सापडणारच! पण ‘हे नृत्यामुळे झालं’ असं लिहिलं की घोटाळा झाला. ज्यांचा घोटा मुळातच कमी वाकतो, त्या मुली आधीच क्लासमधून गळलेल्या असू शकतात. एकदाच घेतलेल्या मोजमापातून सराव आणि निवड वेगळी काढता येत नाही.

आता जव्हार-मोखाड्याकडे या. वावरच्या बाजूला नाच म्हणजे तारपा. मध्ये तारपकरी, भोवती एकमेकांना धरलेली साखळी, सूर बदलला की पाऊलही बदलतं. साखळी गोल फिरते, म्हणजे आतला आणि बाहेरचा पाय सारखं काम करत नाहीत. दोन्ही घोट्यांची सरासरी काढलीत तर नेमकं तेच पुसलं जातं. (माझ्या आराखड्याच्या पहिल्या मसुद्यात मी सरासरीच काढली होती, तीही ऐटीत.)

धावपटूंचंही तसंच. शेजारच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं. असं यश बघितलं की ‘डोंगरातले अनवाणी पाय’ हे उत्तर लगेच सुचतं. त्याच वर्षी लिबरमन आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं, की अनवाणी धावायची सवय असलेले लोक बहुधा चवड्यावर उतरतात. मात्र २०१३ मध्ये हटाला आणि सहकाऱ्यांनी उत्तर केनियातल्या, कायम अनवाणी राहणाऱ्या डासनाच समाजातले ३८ प्रौढ तपासले. आपापल्या सोयीच्या लांब पल्ल्याच्या वेगात त्यांतले ७२ टक्के टाचेवर उतरले. म्हणजे ‘अनवाणी’ ही पाटी पुरली नाही, वेगही धरावा लागला.

‘नर्तक’ आणि ‘धावपटू’ या पाट्याही तशाच. पाड्यावर रात्री नाचणारी पोरगी सकाळी शाळेच्या शर्यतीत पळत असेल, तर तिला कुठल्या गटात घालणार? मी आता गटच काढून टाकलेत. आठवड्याला किती तास नाच, किती किलोमीटर धावणं, पायात काय, आणि प्रत्येक पाय वेगळा, असा तक्ता केलाय. गाईडनी समासात एवढंच लिहून तो परत पाठवला : ‘पाणी आणायची चढण कुठे आहे?’