सवाल दहा वाजता बंद होतो

आपण कवितेवर खूप लिहिलं. एकेका कवितेवर चार-चार पानं. विद्रोह, नकार, जाणीव, बांधिलकी हे सगळे शब्द आपण कवितेवर खर्चून टाकले. गाण्यावर मात्र कोणी लिहिलं नाही. गायक गातो, आपण टाळी वाजवतो, पाकिटातून दहाची नोट काढतो आणि घरी जाऊन झोपतो. माझ्या आजीला अक्षर येत नव्हतं. तिला बाबासाहेब कळले ते गाण्यातून. आपल्या वस्त्यांतल्या निम्म्याअधिक माणसांचं असंच आहे. मग ज्या गाण्यानं एवढं मोठं काम केलं, त्याची समीक्षा करायला आपली लेखणी काहून अडते? की गाणं म्हणजे अडाण्यांचं आणि कविता म्हणजे शिकलेल्यांची, असं आपणही मनातून मानतो? तसं असेल तर मनूला शिव्या देण्याआधी आपण आपलंच तोंड आरशात पाहावं.

फेब्रुवारी २०२३ मध्ये वर्ध्यात ९६ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं आणि त्याच दिवसांत १७ वं विद्रोही साहित्य संमेलनही भरलं. त्या आठवड्यात 'लोककला' हा शब्द मी इतक्या वेळा ऐकला की मला त्याची चीड आली. मी ठरवलं, एक वर्ष जिथं आपलं गाणं असेल तिथं जायचं. जयंती असो, बुद्ध पौर्णिमा असो, धम्म मेळावा असो. वर्धा, देवळी, सेलू, हिंगणघाट, आर्वी, जमेल तिथं. एसटीनं, कोणाच्या गाडीमागं बसून, कधी पायी. फुकट ऐकायचं, पण कान उघडे ठेवून. त्या वर्षाचा हा हिशेब आहे.

पहिला दिवस १४ एप्रिल २०२३. आमच्याच गावची मिरवणूक. मोठा डीजे, वर लाल-निळे लाईट. गाणं बाबासाहेबांचं होतं, पण त्यातला एक शब्दही ऐकू येत नव्हता. छातीत नुसते ठोके. ध्वनी प्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत वस्तीतली दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. त्या भिंतीजवळ उभं राहून मला माझं स्वतःचं 'जयभीम' ऐकू आलं नाही. पोट्टे नाचत होते. त्यांना मी नावं ठेवणार नाही. वर्षभर दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या पोरानं एक दिवस गावच्या मुख्य रस्त्यावरून नाचत जाणं ही लहान गोष्ट नाही. ज्या रस्त्यावरून त्याचा आजा मान खाली घालून जायचा, त्या रस्त्यावर त्याचे पाय पडतात. हे मला कळतं. पण शब्द गेला, हेही कळतं. आणि त्या डीजेच्या वर्गणीची पावती मीच फाडली होती. तेव्हा ही टीका दुसऱ्यावर नाही, पहिली माझ्यावर आहे.

आता शब्द म्हणजे काय, ते सांगतो. आंबेडकरी जलसा सुरू झाला तेव्हा त्यानं तमाशाचा साचा घेतला आणि त्याचं पोट बदललं. गणातला गणपती गेला, गवळणीतली चेष्टा गेली. बतावणीत दोन माणसं उभी राहिली. एक विचारणारा, एक सांगणारा. मेलेलं ढोर का ओढायचं? पोराला शाळेत का घालायचं? भीमराव कर्डकांच्या जलशानं गावोगाव हेच केलं. बाबासाहेबांनी जलशाला आपल्या भाषणांपेक्षा मोठं म्हटलं होतं, ही आठवण आज प्रत्येक सूत्रसंचालक स्टेजवरून सांगतो. ती सांगायला दोन मिनिटं घेतो आणि गायकाला म्हणतो, 'भाऊ, दोनच गाणी घ्या.'

जलशानंतर आपल्याकडं कव्वालीचा मुकाबला आला. दोन पार्ट्या, दोन स्टेज, बहुतेक वेळा एकीकडं गायक आणि दुसरीकडं गायिका. आधी वंदना, मग भीमगीतं, आणि रात्र चढली की सवाल-जवाब. एकानं गाण्यातून प्रश्न टाकायचा, दुसऱ्यानं त्याच चालीत उत्तर द्यायचं. उत्तर आलं नाही तर मंडप हसायचा. लहानपणी मी आईच्या मांडीवर झोपायचो आणि पहाटे उठायचो तेव्हा सवाल चालूच असायचा. धम्म मोठा की धर्म, बुद्धानं घर सोडलं ते बरोबर की चूक, शिकून साहेब झालेला भाऊ वस्तीत का येत नाही, असे सवाल. त्या मुकाबल्याला मी सोन्याचा मुलामा देत नाही. गायिकेला उत्तर सुचलं की गायक तिच्या दिसण्यावर, तिच्या लग्नावर घसरायचा आणि मंडपातले आपलेच बाप शिट्ट्या मारायचे. ती घाण होती. पण घाणीसकट तिथं एक गोष्ट होती. स्टेजवरच्या माणसाला उत्तर द्यावं लागत होतं.

ते गेलं कशानं? लोक म्हणतात, टीव्हीनं गेलं, मोबाईलनं गेलं. मी घड्याळ पाहिलं. लाऊडस्पीकर रात्री दहाला बंद, हा नियम. राज्य सरकारला वर्षात १५ दिवसांपुरती बारापर्यंत सूट देता येते. बाकी दिवस दहा म्हणजे दहा. नियम वाईट नाही. म्हाताऱ्या माणसांना झोप लागते, पोरांना अभ्यास करता येतो. पण रात्रभराचा खेळ संध्याकाळात बसवायचा म्हटल्यावर काय ठेवायचं आणि काय काढायचं, हे आपल्याच हातात होतं. आपण काय ठेवलं?

हिवाळ्यात, सोयाबीन निघाल्यावर, देवळी तालुक्यातल्या एका गावी धम्म मेळावा होता. वेळ सहाची. पाहुणे आले साडेसातला. मग दीपप्रज्वलन, हार, शाली, प्रास्ताविक, सत्कार. ज्यानं मंडप दिला त्याचा सत्कार, ज्यानं पाण्याचा टँकर दिला त्याचा सत्कार, ज्याचा फोटो बॅनरवर बाबासाहेबांपेक्षा मोठा होता त्याचा दोनदा सत्कार. भाषणं संपली तेव्हा नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती. गायकाची पार्टी दुपारपासून विहाराच्या मागं बसून होती. पेटी, ढोलकी, पॅड, कोरसला दोन पोरी. त्यांना मिळाली चाळीस मिनिटं. त्यातली दहा-बारा बक्षिसं पुकारण्यात गेली. कडव्याच्या मधेच गाणं थांबवायचं, 'अमक्या भाऊंकडून पन्नास रुपये, पार्टी आभारी आहे', आणि पुन्हा तेच कडवं. नियमानं रात्र नेली. संध्याकाळ आपण नेली.

त्या चाळीस मिनिटांत गायक काय गाणार? ज्यावर नक्की टाळी पडते तेच. बाबासाहेब सूर्य आहेत, बाबासाहेब बाप आहेत, बाबासाहेबांनी आपल्याला कोट दिला, गाडी दिली. वर्षभर मी हेच ऐकलं. गळे चांगले होते, काही फारच चांगले. पण गाणं हात जोडून उभं होतं. २२ प्रतिज्ञांत ज्यांनी देव नाकारले त्यांच्या पोरांनी चालही आरतीची घ्यावी, हे मला तीन ठिकाणी ऐकायला मिळालं. वामनदादा कर्डकांची जन्मशताब्दी ऑगस्ट २०२२ मध्ये पुरी झाली होती. त्यांचं नाव जवळजवळ प्रत्येक स्टेजवर घेतलं गेलं. मोठेपणी अक्षरओळख झालेल्या या माणसानं हजारो गीतं लिहिली. भांडवलदारांची नावं घेऊन आमचा वाटा कुठं आहे, असं त्यानं भर सभेत विचारलं. ते वाटा मागणारं गाणं वर्षभरात माझ्या कानावर एकदाच पडलं. तेही स्टेजवरून नाही, जेवणाच्या पंगतीत भांडी घासणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या तोंडून.

देवळीच्या त्या गायकाला मी कार्यक्रम संपल्यावर गाठलं. म्हटलं, दादा, प्रश्न विचारणारी गाणी का गात नाही? त्यानं पेटी बांधता बांधता उत्तर दिलं, 'भाऊ, मले सहा माणसं घरी पोचवाची हायेत. गाडीचं भाडं त्या बॅनरवाल्या भाऊनं देल्लं. त्याले सवाल करू का मी? तुमी वर्गणी करा, तुमी बोलवा, मंग पाहा मी काय गातो तं.' मी गप्प झालो. त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. गायक विकला गेला असं म्हणणं सोपं आहे. आपण त्याला विकायला ठेवला, हे म्हणणं अवघड आहे.

आणि सवालाची किंमत त्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. ११ जुलै १९९७ ला मुंबईच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात १० माणसं मेली. ते पाहून शाहीर विलास घोगरेंनी चारच दिवसांत स्वतःला संपवलं. कबीर कला मंचाच्या शीतल साठे आणि सचिन माळी एप्रिल २०१३ मध्ये विधानभवनासमोर पोलिसांच्या स्वाधीन झाले. गाणाऱ्यांना लपावं लागलं, तुरुंगात जावं लागलं. हे सगळं ठाऊक असलेल्या गायकानं सूर्य-चंद्राची गाणी निवडली, तर त्याला भित्रा म्हणण्याआधी त्याच्या मागं किती माणसं उभी राहतील, ते मोजा.

२४ ऑक्टोबर २०२३ ला, अशोक विजयादशमीला, दीक्षाभूमीवर गेलो. गर्दीत पुस्तकांचे स्टॉल, भोजनदानाच्या रांगा आणि रस्त्याच्या कडेला ताडपत्री टाकून गाणारी माणसं. त्यांच्यासमोर बॅनर नाही, सूत्रसंचालक नाही. एक ढोलकी, एक पेटी, पुढं पसरलेला रुमाल. याच दीक्षाभूमीवर २०१० च्या नोव्हेंबरात विठ्ठल उमप कार्यक्रमातच कोसळले आणि गेले. ताडपत्रीवरचा एक गायक मधेच थांबला. समोर बसलेल्या पोरांना त्यानं विचारलं, 'शिकले किती? वाचता काय?' आणि मग पुढचं कडवं. पोरं खाली पाहू लागली. मीही पाहिलं. वर्षातला हा पहिला सवाल मला ऐकू आला, तो माईकशिवाय.

दुसरा ऐकला ७ फेब्रुवारी २०२४ ला, रमाई जयंतीला. हिंगणघाटकडच्या एका वस्तीचं विहार. वंदना झाली, खीर वाटली, पुरुष दारात चपलांजवळ उभे राहिले. बाया गोल करून बसल्या. टाळ्यांचा ठेका, एक झांज, बस. एकीनं गाण्यातून रमाईलाच विचारलं की, माय, पीठ सरलं तेव्हा तू साहेबाला पत्रात काहून लिहिलं नाही? दुसरीनं रमाईच्या बाजूनं उत्तर दिलं. तिसरीनं विचारलं की साहेबानं तुझं नाव राखलं, आमच्या धन्यानं आमची मजुरी तरी राखावी. ती दारूच्या दुकानात जाते. वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे, हे इथं लक्षात घ्या. दारातून एक आवाज आला, 'बस झालं आता, आटपा.' बायांनी आटपलं नाही. त्याच चालीत त्यांनी त्या आवाजालाही उत्तर दिलं आणि विहार हसलं.

मी शोधत होतो तो मुकाबला हा होता. घसरणारा गायक नव्हता, शिट्ट्या नव्हत्या, दहाची भीती नव्हती. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या. त्यांत माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्याही आहेत. म्हणजे बाया गातच होत्या. त्यांना स्टेज आपण दिलं नाही. आपल्या स्टेजवर बाई येते ती पाहुण्यांना ओवाळायला.

म्हणून मार्च २०२४ मध्ये आमच्या जयंती समितीच्या बैठकीत मी तीन गोष्टी मांडल्या. गाणं आधी, भाषण मागून. बक्षीस पेटीत टाकायचं, पुकारायचं नाही. गायकाची बिदागी वस्तीच्या वर्गणीतून. डीजे बंद करा असं म्हणालो नाही. म्हणालो असतो तर मला बाहेर काढलं असतं. दोन तास भांडण झालं. 'तू कवीलोकांच्या नादी लागला' असंही ऐकून घेतलं. शेवटी मिरवणुकीला डीजे, पण १३ एप्रिलची संध्याकाळ गाण्याला, असं ठरलं. लोकसभेची आचारसंहिता लागली होती, वर्ध्याचं मतदान २६ एप्रिलला. त्यामुळं बॅनरवाले भाऊ आले नाहीत. त्याचाही फायदा झाला.

देवळीचाच गायक बोलावला होता. तो सातला उभा राहिला आणि त्यानं दिलेला शब्द पाळला. वसतिगृहाच्या यादीत पोराचं नाव का लागत नाही, कापसाचा भाव कोण ठरवतो, सगळं गायला. मग बायांना बोलावलं. हिंगणघाटच्या नाही, आमच्याच वस्तीतल्या. सुरुवातीला त्या लाजल्या. नंतर एकीनं सवाल टाकला की जयंतीची वर्गणी सगळ्यांची, तर मग हिशेब भिंतीवर का लागत नाही? आमचे अध्यक्ष लाल झाले. खजिनदार मी होतो.

माईक नऊला बंद केला गेला. दहाला नाही, नऊला. दहा वाजायला तासभर होता. बंद करायला पोलीस आले नव्हते, आपलाच माणूस गेला होता.

मी हिशेब १५ एप्रिलला भिंतीवर लावला. ४१० रुपये जुळत नव्हते. ते कुठं गेले ते अजून सापडलं नाही. त्या बाईला मी तसं सांगितलं. ती म्हणाली, 'जुळले नाही तरी चालते भाऊ, लावला हे बरं केलं.'

दोस्तहो, तुमच्या गावची जयंती येईल. वर्गणीची पावती तुम्ही फाडाल. त्या दिवशी गायकाला किती वाजता उभं करता, आणि सवाल आल्यावर माईकच्या बटणाकडं कोण जातो, तेवढं पाहा. आणि त्यावर लिहा. या पानांवर कवितेसाठी जागा आहे, तशी गाण्यासाठीही आहे.

जयभीम.