कल्पित समाजाचा आराखडा आणि विद्यार्थ्यांचे सामूहिक संशोधन

विद्यार्थ्यांच्या गटांकडून एखाद्या कल्पित समाजाचा आराखडा करून घेण्याचा उपक्रम सामाजिक शास्त्रांच्या व वाङ्मयाच्या अध्यापनात अनेक ठिकाणी आढळतो. सामान्यतः एका गटाकडे शासन, दुसऱ्याकडे अर्थव्यवहार, तिसऱ्याकडे शिक्षण अशी वाटणी होते. भाषेचा विचार झालाच तर तो अखेरीस, शोभेपुरता होतो. सर्वांची टिपणे एकत्र बांधली की समाज सिद्ध झाला, असे मानण्यात येते. ही वाटणी सोयीची खरी, परंतु सदोष आहे. एका खात्यातील सुखाची किंमत दुसऱ्या खात्यात कोण चुकवितो, हा प्रश्न तीत कोणत्याच गटाच्या वाट्याला येत नाही. कल्पित समाजाचे चित्रण करणाऱ्या दोन प्रसिद्ध कृतींची परीक्षा केल्यास हा दोष स्पष्ट होतो.

टॉमस मोर याचा ‘युटोपिया’ हा लॅटिन ग्रंथ १५१६ साली लूव्हेन येथे छापला गेला. त्याच्या दुसऱ्या भागात कल्पित बेटाचे वर्णन आहे; पहिल्यात तत्कालीन इंग्लंडची चिकित्सा आहे. लोकरीच्या लाभासाठी शेते कुरणांत बदलली जातात, निराधार झालेला शेतकरी चोरी करतो आणि त्याच चोरीसाठी त्याला फाशी दिली जाते, ही कार्यकारणमालिका तेथे मांडली आहे. दुसरा भाग आधी लिहिला गेला व पहिला मागाहून जोडला गेला, असे अभ्यासक मानतात. यातून निघणारा बोध महत्त्वाचा आहे. प्रत्यक्ष समाजाच्या दुखण्याचे निदान सोबत नसेल, तर आराखडा निराधार राहतो.

तथापि मोरचा आराखडाही निर्दोष नाही. युटोपियात प्रत्येकाला दिवसाला सहाच तास काम असते. सर्वच श्रम करतात, आळशी वर्ग नाही, म्हणून हे शक्य होते, असे तेथे सांगितले आहे. परंतु पशुहत्येसारखी व इतर जड, घाणेरडी कामे गुलामांकडे आहेत. श्रमाचे प्रकरण आणि गुलामांचे प्रकरण वेगवेगळे वाचणाऱ्याला सहा तासांचा हिशेब पुरा वाटतो; दोन्ही एकत्र वाचताच त्यात खोट दिसते. भाषेविषयीही तसेच घडते. बेटावरील ५४ नगरांची भाषा एकच आहे. ग्रंथासोबत तिची वर्णमाला व चार ओळींचे पद्यही छापले आहे. पण हा प्रदेश युटोपस राजाने जिंकलेला आहे आणि त्याचे पूर्वीचे नावही पुसले गेले आहे. जितांच्या भाषेचे काय झाले? परदेशांतून आलेले गुलाम आपसांत काय बोलतात? एकभाषिकत्व हे येथे ऐक्याचे लक्षण म्हणून येते. भाषाभ्यासकाला मात्र त्यात एक मौन ऐकू येते.

दुसरी कृती रुकैया सखावत हुसेन यांची ‘सुलतानाज ड्रीम’ ही १९०५ साली मद्रासच्या एका इंग्रजी नियतकालिकात प्रसिद्ध झालेली कथा होय. तीतील स्त्रीराज्यात पुरुष पडद्याआड आहेत. ‘जनाना’च्या जागी ‘मर्दाना’ आला आहे. स्वप्नात तेथे पोहोचलेली सुलताना संकोचाने वावरू लागताच तेथील स्त्रिया तिला ‘पुरुषी’ म्हणतात, म्हणजे लाजाळू व भित्री. मराठीत पुरुषाला ‘बायकी’ म्हणणे ही निंदा आणि स्त्रीला ‘मर्दानी’ म्हणणे ही स्तुती ठरते, हे ध्यानात घेतले म्हणजे या एका विशेषणाचे सामर्थ्य पटते. सत्ता बदलली की शब्दाचा अर्थ कसा फिरतो, हे लेखिकेने कोणतेही विवेचन न करता दाखविले आहे. सूर्याची उष्णता साठविणारी व ढगांतून पाणी मिळविणारी तेथील दोन विद्यापीठेही राज्याच्या संरक्षणाशी व शेतीशी जोडलेली आहेत. खाती सुटी राहिलेली नाहीत. मर्यादा अशी की भिंत तशीच राहते, केवळ आतबाहेरची माणसे बदलतात. व्यंग्य म्हणून ते समर्थ आहे. आराखडा म्हणून ते पुरेसे नाही.

या परीक्षणावरून सामूहिक संशोधनाच्या नियोजनाची दिशा ठरविता येते. आरंभी सर्व गटांनी मिळून परिचित समाजातील एकच दुखणे निवडावे आणि त्याची कारणे प्रत्यक्ष पाहणीने नोंदवावीत. पुढील वाटणी खात्यांनुसार न करता कल्पित समाजातील व्यक्तींनुसार करावी: स्वयंपाक करणारी, मैला वाहून नेणारा, नुकताच आलेला परका, शाळेत जाणारे मूल. प्रत्येक गटाने आपल्या व्यक्तीचा एक दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत लिहावा आणि तो दुसऱ्या गटाने तपासावा. एकाच्या दिवसातील विश्रांती दुसऱ्याच्या दिवसातील श्रमांशी जुळते की नाही, हे तेथेच कळेल. भाषेचा विचार आरंभापासून असावा. आदराचे संबोधन कोणाला, एकेरी कोणाला, कोणते काम उच्चारण्यासही लाजिरवाणे, या प्रश्नांची उत्तरे घटनेतील समतेच्या कलमाहून अधिक बोलकी असतात. मराठीत ‘तू’, ‘तुम्ही’ व ‘आपण’ यांतून निवड केल्यावाचून दोन व्यक्तींचे संभाषणच सुरू होत नाही. म्हणून मराठी विद्यार्थ्याला ही कसोटी विशेष सुलभ आहे.

गटांचा मतभेद अहवालात मिटवू नये. तो कारणांसह नोंदवावा. एकमताने सजविलेल्या आराखड्यात बहुधा कोणाचा तरी आवाज दबलेला असतो. तो कोणाचा, हे विद्यार्थ्यांना स्वतः शोधता आले, तर या उपक्रमावर खर्च झालेला वेळ सार्थकी लागला असे म्हणता येईल.