नाव घेऊन गाणं

आफ्रोबीट वाजवणारे ताफे आता युरोप-अमेरिकेतही बरेच झाले आहेत आणि वाजवतात ते झकासच. टोनी ॲलनने ड्रमवर बसवलेला ठेका, एकमेकींत गुंतून फिरत राहणाऱ्या गिटारी, ट्रम्पेट-सॅक्सोफोनची धडक हे सगळं रियाझाने साधतं. अडतं ते दुसरीकडेच: हे गाणं नेमकं कुणाला सुनावायचं आहे?

आफ्रोबीटचा जनक, नायजेरियाचा फेला कुटी, याला हा प्रश्न पडायचं कारण नव्हतं. १९७६च्या ‘झोंबी’मध्ये सैनिक हुकमासरशी चालतो, थांबतो, वळतो. बारा मिनिटांच्या या गाण्यात सॅक्सोफोन आधी भरपूर फिरून घेतो. शब्दांची घाई कुणालाच नाही. मग फेला एकेक ओळ टाकतो आणि मागच्या बायका दर वेळी तोच एक शब्द परत फेकतात. शाहिरामागे झीलकरी असावेत तशा, फक्त इथली झील म्हणजे उघड शिवी. १८ फेब्रुवारी १९७७ला सुमारे हजार सैनिकांनी लागोसमधलं त्याचं घर, ‘कलाकुटा रिपब्लिक’, जाळलं. त्याच्या आईला, फुनमिलायो रॅन्सम-कुटींना, खिडकीतून खाली फेकलं. पुढच्या वर्षी त्या गेल्या. फेलाने त्यावरही गाणं केलं.

हा वारसा ब्रुकलिनमध्ये कसा पेलायचा? मार्टिन पेर्नाने १९९८मध्ये उभ्या केलेल्या ‘अँटिबालास’ने सुरुवातीला फेलाचा साचा जवळजवळ जसाच्या तसा उचलला. पण २००४च्या ‘हू इज धिस अमेरिका?’मध्ये त्यांना आपला प्रतिपक्ष सापडला. इराक युद्धाचे दिवस होते. ‘इंडाइटमेंट’ या गाण्यात त्यांनी खटलाच उभा केला आणि सत्तेतल्या माणसांची नावं घेतली. लागोसच्या दुःखावर हळहळण्यापेक्षा आपल्याच सरकारचा कान धरणं ही खरी फेलाची रीत. माझ्या मते ताफ्याचं हेच सर्वांत जिवंत काम.

त्यानंतर ‘फेला!’ हे संगीत नाटक आलं, २००९मध्ये ब्रॉडवेवर पोहोचलं, त्याला टोनी पुरस्कारही मिळाले. वादनात अँटिबालासची मंडळी होती. कौतुक सार्थ होतं. पण तिकीट काढून बसलेला प्रेक्षक आधीपासूनच फेलाच्या बाजूचा, आणि ज्यांना झोंबायला हवं ते सभागृहात नाहीतच. २०१७च्या ‘व्हेअर द गॉड्स आर इन पीस’मध्ये, विशेषतः ‘गोल्ड रश’मध्ये, अमेरिकेने मूलनिवासींची लुटलेली जमीन विषय झाली, तेव्हा धार थोडी परतली.

फेलाचा धाकटा मुलगा शेउन याची गोष्ट वेगळी. १९९७मध्ये वडील गेले तेव्हा चौदा वर्षांचा असलेला हा पोरगा त्यांचा ‘इजिप्त ८०’ ताफा घेऊन उभा राहिला. ‘ब्लॅक टाइम्स’ (२०१८)मध्ये घोषणा जरा जास्तच आहेत, हे खरं. तरी तो जिथे राहतो तिथल्याच सत्तेशी भांडतो, म्हणून घोषणाही पोकळ वाटत नाहीत.

शिवाय खर्चाचा प्रश्न आहेच. दहा-बारा वादकांचा ताफा गावोगाव न्यायचा म्हणजे विमानभाड्यातच बिदागी संपते. नायजेरियाची आजची बाजारपेठ ‘आफ्रोबीट्स’ची आहे: एकटा गायक, आटोपशीर गाणं, बहुतेकदा प्रेम आणि पैसा. त्या गाण्यांकडे नाक मुरडणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. २० ऑक्टोबर २०२०ला लागोसच्या लेक्की टोलनाक्यावर पोलिसी अत्याचाराविरुद्ध बसलेल्या तरुणांवर गोळीबार झाला, तेव्हा त्याच महिन्यात ‘आफ्रोबीट्स’वाल्या बर्ना बॉयने ती तारीखच नाव म्हणून लावून गाणं काढलं. हा बर्ना बॉय म्हणजे फेलाचे पहिले व्यवस्थापक बेन्सन इडोनिजे यांचा नातू.