पिन सापडली का? एकट्याने भूमिका तयार करणाऱ्या नटासाठी स्तानिस्लावस्की

ऑडिशनची दोन पानं आज रात्री व्हॉट्सॲपवर येतात आणि उद्या दुपारपर्यंत सेल्फ टेप पाठवायची असते. दिग्दर्शक नाही, तालीम नाही. तुम्ही नट असाल तर अशा वेळी 'ॲन ॲक्टर प्रिपेअर्स' वाच, असं कुणीतरी तुम्हाला सांगितलेलं असणारच. माझ्या संशोधनाचा एक भाग याच पुस्तकावर आहे, म्हणून स्पष्टच सांगते: हे पुस्तक एकट्यासाठी लिहिलेलंच नाही.

ते एका विद्यार्थ्याच्या डायरीच्या रूपात आहे. वर्गात काय घडलं ते कोस्त्या लिहितो, आणि तोर्त्सोव्ह नावाचे गुरुजी सारखे मध्ये पडतात, अडवतात, पुन्हा करायला लावतात. तुमच्या खोलीत तोर्त्सोव्ह नाहीत. मग काय करायचं?

त्यासाठी पुस्तकातला पिनेचा प्रसंग नीट वाचा. मारियाला सांगितलं जातं की पडद्याच्या घडीत पिन खोवलेली आहे, ती शोधायची. ती धावाधाव करते, छाती पिटते, व्याकूळ होते आणि खूश होऊन खाली येते. गुरुजी विचारतात, पिन कुठाय? बाई ती विसरूनच गेलेली असते! मग तिला बजावलं जातं, की पिन सापडली नाही तर शाळेतून नाव कमी होईल. आता ती गप्प होऊन एकेक घडी तपासते. बघणाऱ्यांना हे दुसरं खरं वाटतं. मारियाला मात्र पहिलंच बरं झालंसं वाटतं.

माझ्या मते अख्ख्या पुस्तकात एकट्या नटाच्या सर्वांत उपयोगाची गोष्ट हीच. आपल्याला आतून 'मस्त झालं' असं वाटणं हा पुरावा नाही. पिन सापडली की नाही, हे मात्र एकट्यालाही तपासता येतं.

पण बहुतेक जण या पुस्तकातून उचलतात ते भावस्मृतीचं प्रकरण: जुनं दुःख आठवा, डोळ्यांत पाणी आणा. याला थोडा इतिहासही कारणीभूत आहे. एलिझाबेथ हॅपगुड यांचं इंग्रजी पुस्तक आलं 1936 मध्ये, रशियन आवृत्तीच्याही आधी. शरीर, आवाज, लय यांवरचा पुढचा भाग इंग्रजीत यायला 1949 उजाडलं. तेरा वर्षं वाचकांच्या हातात अर्धाच स्तानिस्लावस्की होता. स्टेला ॲडलर 1934 मध्ये पॅरिसला त्यांना भेटून आल्या आणि अमेरिकेत सांगू लागल्या, की भर नाटकातल्या परिस्थितीवर आणि कृतीवर हवा. ते सगळ्यांनी ऐकलं नाही.

आता एक भूमिका घेऊ. इब्सेनचं 'अ डॉल्स हाउस' (1879), दुसरा अंक. क्रोगस्टादचं पत्र पेटीत पडलंय आणि टोरवाल्ड पेटीकडे निघतो. एकटी नट घरी काय तयार करते? भीती. थरथर, मोठे डोळे, श्वास. अहो, पण नोराला भीती दाखवायची नाहीये, लपवायची आहे! ती पियानोवर तारांतेलाचे सूर वाजवते, तो थांबतो. मला शिकव म्हणते. बेभान नाचते. उद्याचा नाच होईपर्यंत पत्रं उघडायची नाहीत, असं कबूल करून घेते. काम एकच: त्याला पेटीपासून लांब ठेवायचं. आणि इब्सेनने तिला मुदतही दिली आहे. अंकाच्या शेवटी ती स्वतःच हिशेब करते, उरलेत एकतीस तास.

हे घरी करून बघा. दाराशी एक डबा ठेवा आणि टोरवाल्ड तिकडे निघालाय असं धरून चाला. कुठल्या वाक्याला तो थांबला, कुठल्या वाक्याला पुन्हा निघाला, तिथे पेन्सिलीने खूण करा. प्रत्येक खुणेपाशी नोराची युक्ती बदलते का, ते पाहा. न बदलणारी जागा म्हणजे तिथे तुम्ही नुसत्या व्याकूळ होताय. मोबाइलवरचं रेकॉर्डिंगही याच प्रश्नाने तपासा, चेहरा कसा दिसतो ते नंतर.

एक गोष्ट मात्र एकट्याने होत नाही. समोरच्याचा खरा प्रतिसाद घरी मिळत नाही, तो गृहीतच धरावा लागतो. म्हणून हेल वगैरे पक्के करून पाठ करू नका. तालमीतला टोरवाल्ड तुम्ही खूण केली तिथे थांबणार नाही कदाचित. मग त्याला दुसऱ्या वाक्याला अडवावं लागेल.