‘अस्थिरोपण’ : शब्द आणि वस्तुस्थिती

हाडातील अर्बुद काढल्यावर राहिलेली पोकळी दुसऱ्या हाडाने भरतात. याला आपण ‘अस्थिरोपण’ म्हणतो. आमच्या मते हा शब्द दिशाभूल करतो. रोप जिवंत असते. रुग्णाच्याच कमरेच्या हाडातून घेतलेल्या तुकड्यातील काही पेशी जगतातही. परंतु मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ साली सुरू झालेल्या ऊतिपेढीसारख्या ठिकाणचे, गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेले हाड निर्जीवच असते. ते केवळ परांचीचे काम करते. रुग्णाच्या पेशी ते हळूहळू पोखरतात व तेथे नवे हाड रचतात. मोठ्या तुकड्यात हे काम वर्षानुवर्षे अपुरेच राहते. म्हणून तो मोडूही शकतो. वर्गात एवढे सांगितले नाही, तर हाड म्हणजे यंत्राचा सुटा भाग, हाच समज पक्का होईल.